बाटलीत न येणारी वाळू

पुराच्या गढूळ पाण्याची वरवरची एक बाटली भरायची, गाळ बसू द्यायचा आणि तेवढ्यावरून नदी किती माती वाहून नेते याचा हिशेब मांडायचा, हे सर्रास चालतं. त्या बाटलीत चिकणमाती आणि पोयटा येतो. वाळू जवळजवळ येतच नाही. धरणाच्या जलाशयात पाणी शिरताना सर्वांत आधी साचते ती मात्र वाळूच.

वाळूचा कण पाण्याच्या सुमारे २.६५ पट घन. तो सतत खाली पडत असतो, मग तरंगतो कसा? ‘पाणी त्याला उचलतं’ हे उत्तर अपुरं आहे. भोवऱ्यांमुळे जेवढं पाणी वर जातं तेवढंच खाली येतं. फरक असतो त्यातल्या गाळात. तळाकडून वर येणारं पाणी जास्त गाळ आणतं, वरून उतरणारं कमी. या देवघेवीत गाळ एकूण वरच सरकतो, आणि हे वर सरकणं कणांच्या पडण्याशी जुळलं की प्रत्येक उंचीवरचं प्रमाण ठरून जातं. खाली दाट, वर विरळ ही विषमता म्हणजे गाळाचा खरा आधार! खाली-वर सारखाच गाळ असता, तर भोवऱ्यांना त्यातला कणभरही वर नेता आला नसता.

अमेरिकी जलअभियंते हंटर राउज यांनी १९३७ मध्ये हे एका अंकात बसवलं: कणाचा पडण्याचा वेग भागिले घर्षणवेगाची ०.४ पट. घर्षणवेग हे भोवऱ्यांच्या जोराचं माप: गुरुत्व त्वरण, खोली आणि उतार यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. खोली २ मीटर, उतार १:५००० असेल तर तो सेकंदाला ६.३ सेंटिमीटर येतो. ०.०६ मिलिमीटरचा पोयटा सेकंदाला ३.२ मिलिमीटर पडतो, म्हणून अंक ०.१३. ०.२ मिलिमीटरची वाळू सुमारे २.३ सेंटिमीटर पडते, अंक ०.९. आता तळापासून खोलीच्या ५ टक्के उंचीवर दोन्हींचं प्रमाण १०० धरा. मध्यावर पोयटा ६८ उरतो, वाळू ७. खोलीच्या ९० टक्के उंचीवर पोयटा ५१, वाळू जेमतेम १. अंक अडीचच्या वर गेला, की कण तळालगतच घरंगळतो.

म्हणून नमुना घेण्याचं उपकरण एकसारख्या वेगाने तळापर्यंत सोडून तसंच वर ओढतात, तेही नदीच्या रुंदीत अनेक ठिकाणी. त्याच्या तोंडात पाणी प्रवाहाच्याच वेगाने शिरायला हवं. ते हळू शिरलं तर पाणी तोंडाला वळसा घालून जातं, जड वाळू मात्र सरळ आत घुसते आणि आकडा फुगतो.

विरघळलेल्या मिठाला पडण्याचा वेगच नाही, त्यामुळे ते याच नदीत दीड-दोनशे मीटरांत वरपासून खालपर्यंत एकजीव होतं. आडवं मिसळणं फार संथ. ५० मीटर रुंद पात्रात सरासरी वेग सेकंदाला ०.८ मीटर असेल, तर एका काठाला सोडलेलं सांडपाणी दुसऱ्या काठापर्यंत नीट पसरायला सुमारे १० किलोमीटर लागतात. ‘वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं’ हा समज इथे घातक ठरतो. मीठ किंवा विरघळलेला जड धातू नुसत्या वाहण्याने नाहीसा होत नाही. समोरच्या काठावरचा नमुना स्वच्छ निघाला, तर सांडपाणी अजून तिथवर पोचलेलं नाही, एवढंच कळतं.