उजळणी आणि आठवून अभ्यास (ग्रामीण विदर्भ)

शिकलेला धडा पुस्तक मिटून मनातून बाहेर काढणे आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा तसेच करणे, या दोन सवयींनी अभ्यास दीर्घकाळ लक्षात राहतो. विदर्भातील खेड्यांत मात्र अभ्यास म्हणजे बहुधा धडा पुन्हापुन्हा वाचणे, गाईडमधील उत्तरे वहीत उतरवणे आणि परीक्षा तोंडावर आली की घोकणे. मुले मेहनत कमी करत नाहीत. ती मेहनत वाचण्यात आणि उतरवण्यात संपते, आठवण्यापर्यंत पोहोचत नाही. आठवण्याला ना शिकवणी लागते ना पैसा, त्यामुळे खेड्यातल्या मुलाला ही सवय लागणे विशेष मोलाचे आहे.

विसरण्याचे पहिले शास्त्रीय मोजमाप जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या पुन्हा पाठ करायला किती मेहनत वाचते हे त्यांनी तपासले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तासाभरातच निम्म्याहून अधिक निसटते, पुढे निसटण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. अर्थ कळलेला मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग विद्यार्थ्यांच्या अधिक जवळचा आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून, न बघता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवले, नुसते वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘येते मला’ असा समज होतो. परीक्षेत दगा देतो तो हाच समज.

पाढ्यांत हे स्पष्ट दिसते. ‘सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस’ असा पाढा वर्ग एका सुरात म्हणतो. त्याच वर्गातल्या एखाद्या मुलीला मध्येच ‘सात आठे?’ विचारले की ती ओठ हलवत पुन्हा ‘सात एके’पासून निघते आणि छप्पन्नला येऊन थांबते. पाढा तिला येतो, पण साखळीने येतो. हवी ती कडी थेट हाती लागत नाही. म्हणून पाढे चालीवर म्हणण्याची जुनी रीत सोडू नये. तिच्या जोडीला उलटसुलट विचारणे हवे. गणिताचेही तसेच. सरळव्याजाची वीस गणिते एका दमात सोडवली की हात बसतो, पण रीत निवडायची वेळ येत नाही. व्याज, नफा-तोटा, शेकडेवारी मिसळून दिली, तर कुठे कोणती रीत लावायची हेही मूल शिकते.

विचारून आठवायला लावणे या मातीला नवे नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे म्हाइंभटाने तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यांच्या शिष्यांना विचारून गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ झाले. त्याच जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात समोरच्या शेतकऱ्या-मजुरांना प्रश्न करत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत.

घरात आईवडील शिकलेले नसले की मुलाचा अभ्यास कोण घेणार, हा प्रश्न नेहमी येतो. आठवून सांगण्याच्या अभ्यासाला वाचता येणारे माणूस लागतच नाही, ऐकणारे लागते. चुलीपुढे बसलेली माय म्हणते, ‘सांग बरं बाबू, आज मास्तरनं काय शिकोलं?’ पोरगा सांगतो, ‘पान उनात अन्न बनोते.’ ‘अन् रातच्याला नाही का बनोत?’ पोरगा अडतो. जिथे अडला तो भाग अजून कच्चा आहे, हे त्याला स्वतःलाच कळते आणि पुस्तक उघडायला कारण मिळते. एक पथ्य पाळावे: अडल्यावर रागावू नये, दुसऱ्याच्या मुलाचे नाव काढू नये. भीतीने मूल सांगणेच बंद करते.

एकट्याने करायचे तर कोरे पान पुरते. धडा वाचावा, मिटावा, आठवेल ते लिहावे, मग ताडून पाहावे. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने दिली गेली होती. २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. जुन्या वहीची उरलेली पानेही त्याच कामाची आहेत.

उजळणीच्या अंतराचा विचार इथल्या वर्षाशी जुळवून करावा लागतो. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू होते आणि काही मुलांची शाळा बुडते. अशा खंडात शिकलेले निसटते, पण पूर्ण पुसले जात नाही. पुन्हा शिकताना कमी वेळ लागतो. म्हणून परतलेल्या मुलाला थेट नव्या धड्यावर बसवण्याआधी जुन्याचे चार प्रश्न विचारावेत. एरवी त्याच संध्याकाळी एकदा, दोन-तीन दिवसांनी एकदा आणि मग आठवडी बाजाराच्या दिवशी, मागच्या बाजारापासून झालेले सगळे, असा क्रम घरात सहज बसतो. बाजाराचा वार कोणी विसरत नाही.

झोपेत मेंदू दिवसाचे शिकणे पक्के करतो. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखायला वडिलांबरोबर जागलीवर गेलेले मूल दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते. बारावी-दहावीच्या पेपरआधी रात्रभर जागणेही तितकेच नुकसानीचे.

मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी आणि माडिया, यवतमाळकडील कोलामी बोलणाऱ्या मुलांची अडचण वेगळी आहे. पुस्तकाची मराठी ती ओळीच्या ओळी पाठ करतात, कारण अर्थ हाती नसला की पाठांतर हाच एक मार्ग उरतो. अशा मुलाने धडा आधी आपल्या घरच्या भाषेत सांगावा आणि मग मराठीत लिहावा. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर वर्गातल्या सोबत्याला ऐकू द्यावे. ‘प्रमाण भाषेत बोल’ म्हणून मध्येच थांबवले, तर मुलाचे लक्ष धड्यावरून उडून शब्दांवर जाते. वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलांबाबतही हेच घडते. भाषेची दुरुस्ती सांगून झाल्यावर करता येते.