क्रिएटिव्ह ऑफिस इमारतीचं स्ट्रक्चर (ठाणे-नवी मुंबई)

डिझाइन, जाहिरात, ॲनिमेशन, सॉफ्टवेअर अशी कामं करणाऱ्यांसाठी बांधलेली ऑफिस इमारत, जिच्यात केबिनी कमी, मोकळा फ्लोर जास्त, मधे दोन-तीन मजले उंच ॲट्रियम (छताखालचा मोकळा चौक), गच्चीवर झाडं आणि फॉल्स सीलिंगऐवजी उघडं काँक्रीट. ठाण्यात वागळे इस्टेट, नवी मुंबईत ऐरोली-महापे-तुर्भे, म्हणजे जिथे कारखाने होते त्याच पट्ट्यात अशी ऑफिसं येतायत. बघायला हलकी वाटतात पण स्ट्रक्चरल इंजिनिअरचा खरा कस इथेच लागतो, कारण जो कॉलम काढला त्याचा भार दुसऱ्या कॉलमवर जातो आणि शेवटी जमिनीवरच येतो.

आणि जमीन सगळीकडे सारखी नाही. १९७० मध्ये सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, नंतर शहर वसवताना खाडीकाठी बरीच भरणी झाली. अशा प्लॉटवर वर भराव, खाली काळा मऊ गाळ, मग मुरूम आणि त्याखाली बेसॉल्ट, तर पारसिक डोंगराच्या बाजूला खडक लगेच लागतो. गाळाच्या जागी पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) खडकात रुतवावे लागतात, आणि भरावाच्या वजनाने गाळ वर्षानुवर्षं बसत राहतो तेव्हा तो पाइललाही खाली ओढतो, तो जादा भार डिझाइनमध्ये धरायलाच हवा. त्यात ६ मीटरच्या ग्रिडमध्ये, म्हणजे दोन्ही दिशांना दर ६ मीटरला कॉलम असले की, आतल्या एका कॉलमवर मजल्याचा ३६ चौ. मी. भाग येतो, ११ मीटरला तोच १२१ होतो.

बेसमेंटचं वेगळंच टेन्शन. भूजलाच्या पातळीखाली दर मीटरला चौरस मीटरमागे १ टन इतक्या जोराने पाणी राफ्टला (तळाच्या जाड काँक्रीट स्लॅबला) वर ढकलतं, म्हणजे ७ मीटर खाली गेलात तर ७ टन. वर पुरेसे मजले चढण्याआधी ऐन जुलैत पाणी उपसणारे पंप बंद ठेवले तर राफ्ट उचलला जाऊ शकतो, म्हणून पंप कधी थांबवायचे हे साइटवरच्या कुणीही नाही, डिझाइनरनेच लेखी द्यायला हवं.

दोन कॉलममधल्या लांब अंतरासाठी बहुतेक वेळा पीटी (पोस्ट-टेन्शन्ड) स्लॅब घेतात, म्हणजे आत ताणलेल्या केबल्स. पातळ मिळतो, पण मग फ्लोर हलल्याचं जाणवतं. माणूस सेकंदाला साधारण २ पावलं टाकतो, फ्लोरची स्वतःची कंपनं त्याच्या किंवा त्याच्या दुपटीच्या आसपास आली की स्क्रीनसमोर बसलेल्याला प्रत्येक येणारा-जाणारा कळतो. जुन्या ऑफिसात विटांच्या भिंती हे कंपन खायच्या, इथे भिंतीच नाहीत. ताकदीत स्लॅब पास असतो, तरी त्रास होतोच, म्हणून कंपनाचं गणित वेगळं करायचं. आणि भाडेकरू बदलला की नवा काँट्रॅक्टर कोअर कटिंगला, म्हणजे पाइप-वायरींसाठी स्लॅबला गोल भोकं पाडायला येतो! केबल कापली गेली तर त्या पट्ट्याची ताकदच जाते. छत उघडंच असतं, तर केबलच्या रेषा खालून रंगवून ठेवाव्यात, मालकाने हे करून घ्यावंच.

गच्चीवरची बाग नंतर सुचते, हा नेहमीचा घोळ. आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे ऑफिस फ्लोरला चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो धरतात, आणि फूटभर ओली माती एकटीच ५०० किलोच्या वर जाते, झाडं आणि माणसं वेगळी.

भूकंपासाठी २०१६च्या आयएस १८९३ या मानकामध्ये हा भाग झोन ३ मध्ये आहे. ॲट्रियमसाठी स्लॅबला मोठं भोक पडलं आणि लिफ्टचा कोअर (तिच्याभोवतीच्या काँक्रीट भिंतींचा गाभा) एका कडेला गेला की इमारत पिळली जाते, म्हणून दुसऱ्या बाजूला शिअर वॉल (आडवा धक्का घेणारी काँक्रीटची भिंत) मागावी लागते आणि आर्किटेक्टशी वाद होतो. तो वाद एलिव्हेशन (इमारतीचं दर्शनी रूप) फायनल व्हायच्या आधी झालेला बरा.

उघड्या काँक्रीटला प्लास्टरचं कवच नाही आणि हवा खारी. किनाऱ्यालगतच्या अशा कडक हवेला (सीव्हिअर एक्स्पोजर) आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक किमान एम३० या ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर, मागतं, पण साइटवर हे अंतर राखणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडीचा तुकडा सरकवतात, काँक्रीट ओतताना तो निसटतो आणि सळई शटरिंगला टेकते. काही वर्षांनी तिथेच गंजाची रेघ दिसते, मग पापुद्रा सुटतो. म्हणून ओतण्याआधी वाकून प्रत्येक बीमखाली ब्लॉक बघायचे, फोटोवर विसंबायचं नाही.