एग : लोकमालकीचे स्कॉटिश बेट

एग : स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोरील इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातील एक लहान बेट. रम, मक आणि कॅना या शेजाऱ्यांसह ते ‘स्मॉल आइल्स’ या गटात मोडते. लांबी सुमारे ९ किमी., रुंदी सुमारे ५ किमी. आणि क्षेत्रफळ सुमारे ३१ चौ. किमी. लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ६७ आणि २०११ च्या जनगणनेत ८३ होती. त्यानंतर ती शंभराच्या आसपास पोचली. एवढ्याशा वस्तीची नोंद घ्यावी याची कारणे दोन : १९९७ मध्ये रहिवाशांनी बेट विकत घेतले, आणि २००८ पासून ते स्वतःची वीज स्वतः तयार करून वापरतात.

बेटाच्या दक्षिणेला अन स्गूर हा ३९३ मी. उंचीचा काळा कडा आहे. तो पिचस्टोन या काचेसारख्या ज्वालामुखीय खडकाचा असून दुरूनही ओळखू येतो. आग्नेयेला गॅल्मिसडेल हे बंदर, वायव्येला क्लेडेल ही मुख्य शेतवस्ती आणि या दोहोंना जोडणारा एकच अरुंद रस्ता, असा बेटाचा नकाशा. क्लेडेलखाली लेगचा उपसागर आणि त्याच्या उत्तरेला कोरड्या वाळूवर पाय घासला की चीं-चीं आवाज करणारा ‘गाणाऱ्या वाळूचा’ किनारा आहे. सातव्या शतकाच्या प्रारंभी संत डॉनन यांनी येथे मठ स्थापला. ६१७ मध्ये ते आपल्या सहकाऱ्यांसह मारले गेले.

जमीन कोणाची

एगची गोष्ट जमिनीपासून सुरू करावी लागते. स्कॉटिश उंचप्रदेशात ‘लेअर्ड’ म्हणजे जमीनमालक. कोकणातल्या वाचकाने खोत डोळ्यांसमोर आणावा, फक्त हा खोत अख्खे बेट खरेदीखताने विकत घेऊ शकत असे आणि विकूही शकत असे. १८४१ मध्ये एगवर पाचशेहून अधिक माणसे होती. मेंढपाळीला जागा हवी म्हणून १८५३ मध्ये ग्रूलिन या दक्षिणेकडील गावातली कुटुंबे हलवण्यात आली. तिथल्या घरांचे दगडी चौथरे आजही गवतात दिसतात.

१८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने लहान कुळांना (‘क्रॉफ्टर’) जमिनीवरून न हटवले जाण्याची हमी, रास्त खंड आणि वारसाहक्क दिला. त्याचा लाभ क्लेडेलच्या क्रॉफ्टरांना झाला. पण इस्टेटीच्या घरांत राहणारे, मजुरी करणारे आणि मोठ्या शेतांवरचे भाडेकरू यांना ते संरक्षण नव्हते. लांब मुदतीचा करार नाही म्हणून घराच्या दुरुस्तीवर स्वतःचा पैसा घालता येत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून घर गळते, अशी ती कोंडी होती. १९७५ ते १९९५ या काळात बेट कीथ शेलेनबर्ग या उद्योजकाकडे होते. त्यांच्यानंतर मारूमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मन चित्रकाराने ते घेतले. दोनच वर्षांत बेट पुन्हा विक्रीला निघाले.

१९९७ ची खरेदी

रहिवाशांची संघटना, हायलँड कौन्सिल (स्थानिक प्रशासन) आणि स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट यांनी मिळून ‘आइल ऑफ एग हेरिटेज ट्रस्ट’ हा न्यास उभा केला. जनतेला आवाहन करून निधी जमवला. त्यातला सर्वांत मोठा वाटा एका अनामिक देणगीदाराचा होता. सुमारे १५ लाख पौंडांना व्यवहार ठरला आणि १२ जून १९९७ रोजी बेट न्यासाच्या नावावर झाले. या तारखेच्या आसपास दरवर्षी बेटावर ‘केली’, म्हणजे वाद्यवृंद आणि समूहनृत्यांची रात्र, होते.

त्या वेळी अशा खरेदीला पाठबळ देणारा कायदा नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. त्याआधी असिंट हा स्कॉटलंडचा किनारी भाग तिथल्या क्रॉफ्टरांनी १९९३ मध्ये विकत घेतल्याचे उदाहरण होते, पण ती मुख्यतः क्रॉफ्टरांची जमीन. एगवर घरे, जंगल, शेते, धक्का अशी सगळीच इस्टेट होती.

न्यासाचे कायदेशीर रूप हमीने मर्यादित कंपनीचे आहे. तीत भागभांडवल नाही, त्यामुळे लाभांश नाही आणि कोणा रहिवाशाला आपला ‘हिस्सा’ विकून जाताही येत नाही. व्यवसाय करणारे भाग उपकंपन्यांकडे सोपवलेले आहेत. वीज हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. एखादा उपक्रम बुडाला तर त्याच्यासोबत जमीन बुडू नये, हा या वेगळेपणाचा मुख्य फायदा.

न्यासाने सर्वांत आधी भाडेकरूंना सुरक्षित करार दिले. दिसायला ही कागदी गोष्ट, पण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. १९९८ मध्ये धक्क्याजवळ ‘अन लामरिग’ ही इमारत झाली. दुकान, चहागृह, हस्तकलेच्या वस्तूंची विक्री आणि प्रवाशांसाठी स्वच्छतागृहे एका छताखाली आल्याने भाड्याचे उत्पन्न सुरू झाले आणि बोटीची वाट पाहण्याची जागाही मिळाली.

धक्का

मुख्य भूमीवरील मॅलेग बंदरातून ‘लॉकनेव्हिस’ ही फेरीबोट येते. उन्हाळ्यात ॲरिसेगहूनही एक छोटी बोट सुटते. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मोठी बोट किनाऱ्याला लागू शकत नसे. ती बाहेर थांबे, आणि माणसे, टपाल, सिमेंटच्या गोण्या, शेळ्या-मेंढ्या सगळे समुद्रातच एका लहान ‘फ्लिट बोटी’त उतरवून घ्यावे लागे. नवा उतार असलेला धक्का झाल्यावर बोटीचा मागचा फाळका थेट त्यावर टेकू लागला आणि ट्रक चालत उतरू लागले. पुढील दशकातले बांधकाम आणि वीजप्रकल्पाची जड यंत्रे याच उतारावरून आली. वारा-लाटा जोरात असल्या की फेरी आजही रद्द होते, म्हणून घरटी पीठ, बटाटे, औषधे आणि गॅसची टाकी यांचा साठा ठेवणे ही येथे सवय नसून शिस्त आहे.

एग इलेक्ट्रिक

एग राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडलेले नाही. समुद्रातून केबल आणण्याचा खर्च एवढ्या घरांना परवडणारा नव्हता. २००८ पूर्वी बहुतेक घरांचा आपापला डिझेल जनरेटर असे. तो सकाळी-संध्याकाळी काही तास चाले; आवाज, धूर आणि बोटीने आणलेल्या डिझेलचा भाव सोसावा लागे आणि फ्रीज रात्रभर चालू ठेवणे चैनीचे ठरे. १ फेब्रुवारी २००८ रोजी बेटाचे स्वतःचे जाळे सुरू झाले. खर्च सुमारे १६ लाख पौंड आला आणि तो मुख्यतः अनुदानांतून भागवला गेला.

विजेचे तीन स्रोत आहेत. लेगजवळचा १०० किलोवॉटचा जलविद्युत संच सर्वांत मोठा; शिवाय ५ ते ६ किलोवॉटचे दोन छोटे संच. अन स्गूरच्या पायथ्याशी ६ किलोवॉटच्या चार पवनचक्क्या आहेत. सौर पॅनेलची क्षमता आरंभी १० किलोवॉटच्या आसपास होती; ती वाढवत ५० च्या घरात नेली. ही वीज सुमारे ११ किमी. लांबीच्या, जमिनीखाली पुरलेल्या केबलमधून घरोघर जाते. खांब नाहीत, त्यामुळे वादळात तारा तुटण्याचा प्रश्न नाही. मात्र केबलमध्ये दोष निघाला तर खणूनच शोधावा लागतो.

तीन स्रोत का, हे हवामान पाहिले की कळते. शरद आणि हिवाळ्यात पाऊस आणि वारा भरपूर, ऊन जवळजवळ नाही. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाऊस रोडावतो, ओहोळ बारीक होतात, पण दिवस सतरा-अठरा तासांचा असतो. तेव्हा सौर पॅनेल जलविद्युतेची उणीव भरून काढतात. सौरक्षमता पुढे वाढवण्यामागे हेच गणित होते. अडचणीचा काळ म्हणजे थंड, कोरडे, वारा पडलेले हिवाळी दिवस. तेव्हा दोन डिझेल जनरेटर कामाला येतात. वर्षभराच्या गरजेपैकी साधारण नव्वद टक्के वा त्याहून अधिक वीज अपारंपरिक स्रोतांतून मिळते.

मधला दुवा बॅटऱ्यांचा. मूळ संचात शिसे-आम्ल बॅटऱ्या आणि त्यांना जोडलेले इन्व्हर्टर होते. जाळ्याची वारंवारता (५० हर्ट्झ) हे इन्व्हर्टर ठरवतात आणि नियंत्रणाचा निरोपही तिच्यातूनच पाठवतात. बॅटऱ्या भरत आल्या की वारंवारता किंचित वाढवली जाते. ती ओळखून सौर आणि पवन संच आपले उत्पादन कमी करतात, आणि समाजमंदिर, चर्च, धक्क्याची इमारत अशा सार्वजनिक जागांतले हीटर आपोआप सुरू होतात. म्हणजे वादळी रात्री चर्च उबदार असते. वेगळी संदेशवाहक तार लागत नाही, ही या पद्धतीची खुबी. बॅटऱ्या ठरावीक पातळीखाली गेल्या की डिझेल जनरेटर स्वतःच चालू होतो. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, त्यामुळे ही पातळी बरीच वर ठेवावी लागते. डिझेल वाचवण्यासाठी ती खाली आणणे म्हणजे बॅटऱ्यांच्या पुढच्या खर्चाला आमंत्रण.

आता मर्यादेविषयी. प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॉट आणि व्यवसायाला १० किलोवॉट, त्याहून जास्त नाही. ३ किलोवॉटची केटल आणि २ किलोवॉटचे धुलाईयंत्र एकत्र चालू असताना कोणी ओव्हन लावला तर घराचा मुख्य स्विच पडतो. तो घरमालकाला चढवता येत नाही. देखभाल करणाऱ्याला बोलवावे लागते आणि त्याचे शुल्क भरावे लागते, ते सुरुवातीला २० पौंड होते असे सांगितले जाते. दंडापेक्षा शेजाऱ्याला बोलावण्याची लाज अधिक परिणामकारक असावी. ब्रिटनमध्ये सर्रास दिसणारा ८ ते १० किलोवॉटचा विजेचा शॉवर येथे बसवताच येत नाही. घरात लावलेल्या छोट्या मापकावर क्षणोक्षणीचा वापर दिसतो, आणि काही दिवसांत माणसे आकडा न पाहताही ‘केटल आधी, धुणे नंतर’ असा क्रम पाळू लागतात. सर्वांनी मर्यादा समान मानल्यामुळेच दोनशे किलोवॉटहून कमी क्षमतेवर सगळे बेट चालते. मर्यादा नसती तर एखाद्या थंड संध्याकाळच्या शिखर-मागणीसाठी कितीतरी मोठी यंत्रे बसवावी लागली असती.

बिघाड बहुतेक साधे असतात. जलविद्युत संचाच्या बंधाऱ्यावरील जाळीत पाने आणि शेवाळ अडकते, पाइपातला प्रवाह घटतो आणि उत्पादन गुपचूप उतरते. म्हणून पानगळीत जाळी वारंवार साफ करावी लागते. पवनचक्क्यांना खारा वारा आणि झंझावात छळतो. बाहेरचा तंत्रज्ञ यायचा तर बोटीवर अवलंबून, त्यामुळे नेहमीची देखभाल बेटावरच्याच प्रशिक्षित लोकांकडे आहे. जानेवारी २०१० मध्ये ‘बिग ग्रीन चॅलेंज’ या ब्रिटिश स्पर्धेत एग संयुक्त विजेते ठरले आणि ३ लाख पौंड मिळाले; घरांचे उष्णतारोधन आणि इतर कर्बबचतीच्या कामांना त्यामुळे बळ आले.

सरपण आणि घरे

५ किलोवॉटमध्ये घर तापवता येत नाही. ऊब येते लाकडाच्या चुलीतून. न्यासाच्या जमिनीवर जुनी शंकुवृक्षांची रोपवने आहेत. त्यांची टप्प्याटप्प्याने तोडणी करून सरपण विकले जाते आणि त्या जागी बर्च, रोवन, हेझल अशी स्थानिक झाडे लावली जातात. लागवडीला मेंढ्यांपासून कुंपण लागते. ताज्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते फोडून, वर छप्पर आणि बाजूंनी वारा अशा जागी निदान एक उन्हाळा, शक्यतो दोन, ठेवावे लागते. आर्द्रता २० टक्क्यांखाली आल्याशिवाय जाळले तर उष्णता पाणी उकळण्यातच जाते आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचून आग लागू शकते. हेब्रिडीजच्या दमट हवेत हे वेळापत्रक कोलमडणे नित्याचे आहे.

घरांची टंचाई हा मात्र न सुटलेला प्रश्न. लोकसंख्या वाढली ती बाहेर शिकून परतलेल्या तरुणांमुळे आणि नव्याने आलेल्यांमुळे. त्या वेगाने घरे झाली नाहीत. प्रत्येक विटेला, फळीला बोटीचे भाडे पडते आणि गवंडी बाहेरून आणला तर त्याच्या राहण्याचीही सोय करावी लागते. स्कॉटिश कायद्यात यावर ‘रूरल हाउसिंग बर्डन’ हे साधन आहे : ग्रामीण संस्था भूखंड वा घर सवलतीत देते, पण पुढे विक्री झाल्यास पहिला खरेदीहक्क आपल्याकडे ठेवते. सवलत अशा रीतीने पहिल्या खरेदीदाराबरोबर संपत नाही आणि घर सुट्टीपुरते येणाऱ्यांच्या हाती जाण्याला अडसर राहतो.

इतरत्र

स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने अशा खरेदीची वाट आखून दिली. गाव आधी आपली सीमा ठरवून संस्था नोंदवते, मतदारांपैकी किमान १० टक्क्यांचा पाठिंबा दाखवते आणि जमिनीवर आपला हेतू नोंदवते. ही नोंद पाच वर्षे टिकते. मुदत विसरली तर सगळे नव्याने. मालकाने विक्री काढली की स्वतंत्र मूल्यांकन, गावात मतदान आणि निधी हे सगळे काही महिन्यांत उरकावे लागते. बहुतेक प्रयत्न अडतात ते इथेच, कारण पैशासाठी स्कॉटिश लँड फंडाचे अर्ज आणि मतदान एकाच वेळी चालवावे लागते. क्रॉफ्टर समाजांना मालकाची विक्रीची इच्छा नसतानाही खरेदी करण्याचा वेगळा हक्क आहे. या कायद्याच्या आधीच, २००२ मध्ये, गिगा बेटाने सुमारे ४० लाख पौंडांना मुक्तता मिळवली. त्यातले १० लाख कर्ज होते आणि ते मुख्यतः तिथली मोठी हवेली विकून फेडले गेले.

रोजचे जगणे

एगवर प्राथमिक शाळा आहे. माध्यमिक शिक्षणासाठी मुले मॅलेगला जातात आणि आठवडाभर तिथेच राहतात. शंभर माणसांत न्यास, वीज, समाजमंदिर, रस्ता, शाळा यांच्या समित्या भरायच्या तर तीच ती माणसे पुन्हा पुन्हा बसतात. घरभाडे ठरवणारा न्यासाचा संचालक आणि त्या घरातला भाडेकरू एकाच दुकानात भेटतात. हितसंबंध असलेल्याने चर्चेतून उठून जाण्याचा नियम असतो, पण लहान गावात त्याचे अवघडलेपण कागदावर मावत नाही. म्हणूनच न्यासात कौन्सिल आणि वन्यजीव संस्था या बाहेरच्या भागीदारांना स्थान असणे उपयोगी ठरले, असे दिसते.

पर्यटकांना मोटार आणता येत नाही. धक्क्यापासून क्लेडेल सुमारे ६ किमी. आहे, सायकल भाड्याने मिळते. अन स्गूरची चढण उतरण्यासह तीन-चार तासांची असून वर शेवटच्या टप्प्यात धुके असल्यास वाट चुकते, आणि परतीची बोट कोणासाठी थांबत नाही.