भुसावळच्या स्लॅबवर चुन्याचे दोन हात

मे महिन्यात भुसावळला मावशीकडे दुपारपेक्षा रात्र जड जाते. दुपारी पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी खिडक्या लावून, दाराला ओलं गोणपाट टांगून वेळ निघतो. रात्री पंखा मात्र गरम हवाच अंगावर ढकलतो, कारण त्याच्या वरचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो. काँक्रीट सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. दुपारचं ऊन स्लॅबमधून खाली झिरपेपर्यंत दिवेलागण होते.

एका वर्षी होळी झाल्यावर मावशीने गच्चीला चुना द्यायला घेतला आणि निम्म्यातच तो संपला. स्वयंपाकघराच्या वरचा भाग पांढरा झाला, झोपायच्या खोलीवरचा करडाच राहिला. बिबडे घालायला वर चढलो तेव्हा फरक आधी तळपायांना कळला. करड्या भागावर दोन पावलं टाकवत नव्हती, पांढऱ्यावर उभं राहून धोतर अंथरता येत होतं. रात्री स्टुलावर चढून दोन्ही खोल्यांच्या छताला हात लावला. झोपायच्या खोलीत हात चटकन मागे आला.

भर दुपारी दर चौरस मीटर गच्चीवर साधारण १००० वॅट ऊर्जा पडते, म्हणजे एका चालू इस्त्रीएवढी. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर अशा ४६ इस्त्र्या! जुनं, मळकं काँक्रीट त्यातला बराच मोठा भाग गिळतं. चांगला पांढरा लेप नवा असताना ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परत धाडतो. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. चांगल्या लेपातलं टायटॅनियम डायऑक्साइड त्यातलाही बराच भाग परतवतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये बेरियम सल्फेटचा रंग केला, तो ९८ टक्के ऊन परतवतो.

मग चकचकीत पत्र्याखाली एवढं का भाजतं? छप्पर गार राहायला दोन गुण लागतात. ऊन परतवायचं, आणि तरीही शिरलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडायची. उघडा धातू पहिलं बऱ्यापैकी करतो, दुसऱ्यात फार कमी पडतो. पांढरा लेप दोन्ही करतो. पत्रा पातळ असल्याने तिथे आराम त्याच दुपारी जाणवतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांची गोष्ट वेगळी: तिथे मातीचा जाड थरच उष्णता अडवून धरायचा. धाबी गेली, स्लॅब आणि पत्रे आले, आणि ती जाडी गेली.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. आपल्याकडेही पत्र्याच्या खोल्यांपासून हे सुरू व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चुना स्वस्त आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि तो घट्ट बसतो, तरी पावसाळ्यात बराच धुऊन जातो. म्हणून दरवर्षी नवा हात द्यावा लागतो. भिजवताना तो उकळतो, डोळे सांभाळा. आणि वावटळीची धूळ बसली की पांढरेपणा मरतो. मावशी आता दर पंधरा दिवसांनी सकाळीच गच्ची झाडते, ओल्या फडक्याने पुसते. झोपायच्या खोलीवरचा भागही तिने पुढच्याच होळीला पांढरा केला.