कोरफड की घायपात? अंगाला लावायच्या आधी पान कापून बघा

मागच्या मे महिन्यात धाकट्या नणंदेचा फोन आला, ‘वहिनी, मानेला कोरफड लावली आणि नुसती आग आग होतेय, तुम्हीच म्हणाला होतात ना घामोळ्यावर चांगली असते?’ म्हटलं आधी साबण लावून भरपूर पाण्याने धू, चोळू नकोस, आणि मला त्या झाडाचा फोटो पाठव. फोटो बघितल्या बघितल्या कळलं, ती कोरफड नव्हतीच, घायपात होता. शेताच्या बांधावरून छोटंसं रोप उपटून आणलेलं, कुंडीत लावलेलं, दीड वर्ष पाणी घातलेलं आणि अख्खं घर त्याला कोरफडच म्हणत होतं. मानेवर बारीक लाल पुरळ उठला, डॉक्टरकडे जावं लागलं, बरं व्हायला आठवडा गेला. त्यानंतर मी ओळखीच्या चारपाच जणींना त्यांच्या कुंड्यांचे फोटो मागितले तर त्यात अजून एक घायपात निघाला. म्हणून म्हटलं सगळं नीट लिहूनच काढावं, कारण कोरफड आपण अंगाला लावतो, केसांना लावतो, काही जण खातातही, इथे चूक परवडत नाही.

आधी हे सांगते की गोंधळ होणं अगदी साहजिक आहे. दोघांची पानं जाड, लांब, टोकाला निमुळती, कडेला काटे, आणि सगळी पानं बुडातून गोल फुटलेली. हिंदीत घायपाताला बडा कंवार म्हणतात म्हणजे मोठी कोरफडच झाली की, आणि तमिळमध्ये तर कोरफड म्हणजे सोट्रु कट्राळै आणि घायपात म्हणजे आनै कट्राळै, हत्तीची कोरफड. इंग्रजीतसुद्धा त्याला पूर्वी अमेरिकन अलो म्हणायचे. पण नात्याने ही दोन झाडं लांबची आहेत. कोरफड मूळची अरबस्तानातली, ओमानच्या बाजूच्या डोंगरांतली, आणि घायपात आला अमेरिकेतून, मेक्सिकोकडून. टकिला दारू ज्याच्यापासून करतात तो याच घायपाताचा भाऊबंद. दोघांनाही कोरड्या रानात जगायचं होतं, पाणी साठवायचं होतं, त्यामुळे हजारो मैलांवर राहूनही दोघांनी एकसारखंच अंग धरलं, एवढंच.

आपल्याकडे घायपात कुठे दिसतो तर शेताच्या बांधावर, रेल्वेरुळाच्या कडेला, माळरानावर कुंपण म्हणून. बऱ्याच गावांत त्याला केकताड म्हणतात. आणि हल्ली नर्सरीत पिवळ्या पट्ट्यांचा शोभेचा घायपात मिळतो, तो पट्ट्यांमुळे लगेच ओळखू येतो, पण साधा हिरवा-राखाडी छोटा रोपटा असेल तर मात्र फसायला होतं.

आता ओळखायचं कसं. सगळ्यात आधी पानाचं टोक बघा. घायपाताच्या टोकाला खरोखरचा काटा असतो, गडद तपकिरी-काळा, दाभणासारखा टणक, मोठ्या झाडावर इंच इंच लांब. कोरफडीचं टोक निमुळतं असतं पण ते बोट लावलं तर वाकतं, बोटात घुसत नाही. कडेच्या काट्यांवर फार विसंबू नका असं मी सांगेन, कारण कोरफडीचे काटे पांढरट, मऊसर, करवतीच्या बारीक दातांसारखे असतात आणि बांधावरच्या घायपाताचे तपकिरी आणि आकड्यासारखे वळलेले, हे खरं, पण दोरासाठी जो सिसल घायपात लावतात त्याच्या मोठ्या पानांना कडेला काटे जवळजवळ नसतातच, मग लोक म्हणतात याला तर काटे नाहीत म्हणजे कोरफडच. टोक बघितलं तर ही चूक होत नाही.

अजून एक खूण आहे जी मला फार आवडते. बांधावरच्या मोठ्या घायपाताच्या पानाची पाठ उजेडात धरून बघा, त्यावर काट्यांची नक्षी उमटलेली दिसेल, जणू कुणी ओल्या मातीवर करवत दाबून उचललीय. कोवळी असताना ही पानं मधल्या सुरळीत एकमेकांना इतकी घट्ट चिकटलेली असतात की शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा अंगावर कायमचा राहतो. कोरफडीवर असं काही दिसत नाही. तिच्यावर पांढरे ठिपके मात्र असू शकतात, आणि लहान रोपावर तर असतातच, त्यामुळे ठिपके आहेत म्हणून ती खोटी कोरफड असं समजून फेकून देऊ नका, बऱ्याचदा वाढताना ठिपके फिके होत जातात.

आणि तरीही खात्री होत नसेल तर पान कापा. नणंदेचा फोन आल्यावर मी मुद्दाम दोन्ही पानं आणून विळीवर कापून बघितली, घायपातासाठी भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले होते. कोरफडीत विळी लोण्यात गेल्यासारखी गेली, कट अगदी साफ झाला, आत काचेसारखा पारदर्शक गर, आणि सालीच्या लगत बारीक बारीक पिवळे थेंब एका ओळीत उभे राहिले. तो गर बोटाला लावून ओढला तर लाळेसारखी तार निघते. घायपाताला विळीवर दाबावं लागलं, करकर आवाज आला, आत गर असा नाहीच, पांढरट हिरवा ओला चोथा, आणि दोन तुकडे ओढले तर मधे पांढरे धागे तसेच ताणलेले राहिले, पान तुटलं पण धागे तुटेनात. एकदा हे हाताने केलंत की पुन्हा कधी चुकणार नाही.

हे धागे म्हणजेच वाख. गावाकडे बैलांचे कासरे, दावी, मोटेचे सोल, चऱ्हाटं हे सगळं या वाखाचं व्हायचं, पोळ्याच्या आधी बाजारात नव्या वाखाच्या दोऱ्यांचे ढीग लागायचे. पानं पाण्यात कुजत घालायची, मग बडवून, धुवून धागा सोडवायचा. १०० किलो पानांतून जेमतेम ३-४ किलो धागा हाती येतो. मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कष्टाचं काम केलं आणि त्या पाण्यात हात घालून घालून त्यांच्या अंगाला किती खाज सुटायची हे त्या घरांतली जुनी माणसं अजून सांगतात. म्हणजे घायपाताचा रस खाजरा असतो हे आपल्या लोकांना पूर्वीपासून माहीत होतं, शहरात कुंडीत आल्यावर आपण ते विसरलो.

खाज का सुटते तर घायपाताच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. अळू कच्चं राहिलं की घसा खवखवतो ना, तोच प्रकार. या सुया कातडीत टोचतात आणि त्यासोबत रसातली बाकीची द्रव्यं आत शिरतात, म्हणून आग, लाली, कधी फोड. डोळ्यात गेला तर अजून वाईट, खळाखळा पाण्याने धुवून सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. घरात लहान मुलं असतील तर घायपाताची कुंडी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवूच नका, टोकाचा तो काटा फार वाईट.

पण कोरफड आहे म्हणून डोळे मिटून लावा असंही नाही. ते जे पिवळे थेंब म्हटलं ना, तो चीक गरापेक्षा वेगळा असतो. त्यात अलोइन असतं, ते कडू आणि जोरदार रेचक. हाच चीक आटवून वाळवला की काळा बोळ होतो, जो आयुर्वेदात वापरतात. अमेरिकेत पोट साफ होण्याच्या बिनचिठ्ठीच्या औषधांमधून कोरफडीचा हा चीक २००२ मध्ये बाहेर काढला. म्हणून पान कापलं की कापलेली बाजू खाली करून वाटीत १०-१५ मिनिटं उभं ठेवायचं, पिवळं सगळं निथळू द्यायचं, मग धुवून, साल काढून फक्त पारदर्शक गर घ्यायचा. पहिल्यांदा मनगटाच्या आत थोडासा लावून एक दिवस थांबा, काही जणांना कोरफडही सोसत नाही. घरच्या पानाचा रस रोज सकाळी उपाशीपोटी पिण्याचं जे चाललंय ते मला पटत नाही, गरोदरपणात तर अजिबातच नको. आणि घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर दोन्ही झाडं त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका, पानं चावली तर त्यांना बाधतात.

आता लावण्या-वाढवण्याचं. इथे दोघांचं बरंच सारखं आहे, माती पाणी धरून ठेवणारी नको, कुंडीला भोक हवंच. मी कोरफडीला अर्धी माती, अर्ध्याहून जरा कमी भरड वाळू आणि मूठ दोन मूठ शेणखत घालते, मातीची कुंडी घेते कारण ती लवकर सुकते. नुसती काळी माती भरली तर पावसाळ्यात मुळं कुजणार म्हणजे कुजणारच. कोरफड मरते ती बहुतेक वेळा तहानेने नाही, लाडाने. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, थंडीत दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी, आणि त्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायचं, ओल लागली तर आज पाणी नाही. पानं पातळ होऊन आत वळली तर तहान लागलीय, आणि बुडाशी मऊ, पाणचट, पिवळट-तपकिरी झाली तर पाणी जास्त झालंय. तसं झालं तर उपटा, कुजलेली मुळं कापा, दोन-तीन दिवस सावलीत तसंच पडू द्या आणि मग कोरड्या मातीत लावा, बऱ्याचदा वाचते. आपल्याकडे लोक कोरफड मुळांसकट उलटी दाराला टांगतात आणि ती मातीशिवाय कित्येक महिने जगते, तेव्हा तीन दिवसांनी तिला काही होत नाही.

जून ते सप्टेंबर कोरफडीची कुंडी पागोळीखालून हलवा, कोकणात तर नक्कीच. घायपाताला जमिनीत उतारावर लावलं असेल तर तो पाऊसही काढतो आणि मेचं ऊनही. कोरफडीला सकाळचं चार-पाच तास ऊन पुष्कळ, भर दुपारच्या उन्हात ठेवली तर पानं तांबूस-तपकिरी पडतात, मेली असं वाटतं पण थोडी सावली दिली की परत हिरवी होतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासून काढा.

जागेचा फरक मात्र फार मोठा आहे. कोरफड दोन फुटांत समाधानी असते, घायपात जमिनीत मोकळा वाढला तर पाच-सहा फुटांचा घेर धरतो, तो बाल्कनीचं झाड नाहीच. फुलांचं तर दोघांचं नशीबच वेगळं. कोरफडीला तीन-चार वर्षांची झाल्यावर थंडीच्या सुमाराला दांडा येतो, त्यावर खाली लोंबणारी पिवळी नळीसारखी फुलं, शिंजीर पक्षी त्यांच्यावर मध प्यायला येतात, आणि पुढच्या वर्षी परत. घायपात दहा, वीस, कधी तीस वर्षं गप्प राहतो, मग एकदम मधून विजेच्या खांबासारखा दांडा काढतो, वीस-पंचवीस फूट, आयुष्यभर साठवलेलं सगळं त्यात ओततो आणि फुलं झाली की ते झाड वाळून जातं. मागे बुडाशी पिल्लं राहतात, सिसलच्या दांड्यावरच छोटी छोटी रोपं लागून खाली पडतात. माळावर तो एकटा उंच दांडा दिसला की मी गाडी थांबवून बघते, दरवेळी.

एक गोष्ट राहिली, कोरफड रात्री ऑक्सिजन देते म्हणून बेडरूममध्ये ठेवा असं सगळीकडे फिरतंय. कोरफड आणि घायपात दोघंही पानांवरची रंध्रं रात्री उघडतात हे खरं, पण ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला, दिवसा पाणी उडून जाऊ नये म्हणून. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच. तेव्हा कोरफड बेडरूममध्ये नको, खिडकीत ठेवा, तिला ऊन लागतं.

पिल्लं वेगळी करताना चार-पाच पानं आणि स्वतःची मुळं आलेली असली पाहिजेत, साधारण वीतभर उंची. नणंदेला मी माझ्या कुंडीतलं असंच एक पिल्लू दिलं. तिचा घायपात आम्ही फेकला नाही, जिथून आणला होता त्याच बांधावर परत नेऊन लावला आणि तिथे तो झकास वाढतोय. कोरफड तिच्या तुळशीशेजारी आहे, परवा फोटो आला, आठ पानं झालीत. ‘वहिनी, आता कापू का एक?’ म्हणाली. अजून दोन-तीन येऊ दे म्हटलं, आणि कापशील तेव्हा सगळ्यात खालचं, बाहेरचं पान घे, मधल्या कोंबाला हात लावू नकोस.