पायातली कोल्हापुरी इंग्रजीत कुठे जाते?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या इंग्रजीच्या क्लासात मुलं ऑन, इन, अ‍ॅटचे तक्ते घोकतात. तरी ‘पायात चप्पल’ इंग्रजीत सांगताना तोंडातून ‘इन’ निघतंच. मग शेरा ठरलेला: मराठी माध्यमाच्या पोरांच्या डोक्यात इंग्रजी शिरत नाही. ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि तिच्या जोरावर फिया उकळल्या जातात.

खरी गंमत वेगळीच आहे. टेबलावरच्या कपाला खालून आधार असतो, वाडग्यातलं सफरचंद सगळीकडून वेढलेलं असतं. या दोन टोकांच्या मधे पायऱ्या आहेत: भिंतीवरचं चित्र, दाराची कडी, फांदीचं फळ, बोटातली अंगठी. मेलिसा बोवरमन आणि एरिक पीडरसन या भाषा-अभ्यासकांनी अनेक भाषा तपासल्या, तेव्हा दिसलं की प्रत्येक भाषा ही साखळी आपापल्या जागी तोडते, किंवा तोडतच नाही. स्पॅनिशचं ‘एन’ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतं. इंग्रजीचं ‘ऑन’ कपापासून निघून थेट अंगठीपर्यंत पोचतं. डच भाषा तीन तुकडे करते, आणि मराठीही बरीचशी तशीच: टेबला‘वर’ कप, पण दारा‘ला’ कडी, फांदी‘ला’ आंबा, वाडग्या‘त’ सफरचंद.

आता कोल्हापुरी चप्पल नीट बघा. अंगठा चामड्याच्या कडीत अडकतो, पाऊल पट्ट्याखाली जातं. म्हणजे भूमितीनं पाय चपलेत आहे, चप्पल पायात नाही! अंगठीचंही तेच, बोट तिच्या आत असतं. मराठी इथं घालण्याची, घट्ट बसण्याची क्रिया धरते आणि ‘त’ लावते. इंग्रजी आधार कोणाचा ते बघते. अंगठी बोटाच्या आधारानं राहते, म्हणून ‘ऑन’. कोरियन भाषेत तर घट्ट बसवण्याला स्वतंत्र क्रियापद आहे; अंगठी बोटात घाला की कॅसेट डबीत, क्रियापद तेच.

2004 साली सुझन हेस्पॉस आणि एलिझाबेथ स्पेल्की या मानसशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग मांडला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या पाच महिन्यांच्या बाळांना भांड्यात घट्ट बसणारी वस्तू वारंवार दाखवली, मग सैल बसणारी. बाळं नव्या दृश्याकडे जास्त वेळ बघत राहिली, म्हणजे फरक त्यांना कळत होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांनी मात्र त्याच फरकाकडे लक्षच दिलं नाही.

म्हणजे कुठल्या फरकाकडे बघायचं ते भाषा शिकवते. म्हणून तक्त्याऐवजी मुलांना वस्तू दाखवा आणि विचारा, कोण कुणाला धरून आहे? गाड्यांचा हिशोब तेवढा निराळा: जिच्यात उभं राहून चालता येतं ती केएमटीची बस ‘ऑन’, आणि वाकून बसावं लागतं ती रिक्षा ‘इन’.