केळीच्या बागेतला हिरवा उजेड आणि गेममधला प्रकाश

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत मे महिन्याच्या भर दुपारी शिरलेल्या माणसाचा पांढरा सदरा हिरवट दिसू लागतो. काही ऊन पानांतून गाळून खाली येते, काही एका पानावरून दुसऱ्यावर उसळत सदऱ्यापर्यंत पोचते आणि प्रत्येक टप्प्यावर पान तांबडा व निळा प्रकाश जास्त शोषून हिरवा पुढे पाठवते. बागेत सावली असूनही काळोख नसतो, तो या उसळत्या प्रकाशामुळेच. गेममध्ये खराखुरा प्रकाश आणायचा म्हणजे हे उसळणे सेकंदाला साठ वेळा नव्याने मोजायचे; या तंत्राला रे ट्रेसिंग म्हणतात. त्यासाठी जास्तीचे पैसे घालावेत का, हा प्रश्न जळगाव-धुळ्यात पहिल्या पगारातून ग्राफिक्स कार्ड (संगणकात चित्रे काढणारा भाग) घेऊ पाहणाऱ्या अनेकांना पडतो.

गेमनी हे गणित वर्षानुवर्षे टाळले. पाण्यातले प्रतिबिंब बहुधा पडद्यावर आधीच असलेल्या चित्रातून उचलले जाते. त्यामुळे कॅमेरा खाली झुकवला आणि काठावरचे झाड चौकटीबाहेर गेले, की पाण्यातले झाडही पुसले जाते. भिंतींवरचा उसळता प्रकाश गेम तयार होत असतानाच सावकाश मोजून नकाशात कायमचा बसवतात. ही युक्ती मुळीच कमी प्रतीची नाही. जिथे सूर्य हलत नाही आणि भिंत पडत नाही, तिथे ती साध्या कार्डावरही सुरेख दिसते. मात्र खेळाडूने बंद खोलीचे दार उघडले, तरी खोली उजळत नाही.

रे ट्रेसिंगमध्ये पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूतून उलट दिशेने किरण सोडून तो कशावर आदळतो आणि तिथून कुठे जातो, याचा माग काढला जातो. कल्पना जुनी आहे: आर्थर अ‍ॅपेल यांनी १९६८ मध्ये तिचा पाया घातला, टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये परावर्तन आणि अपवर्तन तिच्यात आणले, तर जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये सगळा प्रकाशव्यवहार एका समीकरणात मांडला. अडचण वेगाची होती. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर दर बिंदूला एकच किरण सोडला, तरी सेकंदाला साठ चित्रांसाठी सुमारे १२ कोटी ४४ लाख किरण लागतात आणि एका किरणाने भागत नाही. एनव्हीडियाने २०१८ मध्ये या कामासाठी स्वतंत्र भाग असलेली आरटीएक्स कार्डे आणली, तेव्हा कुठे हे घरच्या संगणकावर जमू लागले. आजही किरण अपुरेच पडतात. चित्र रवाळ येते आणि उरलेले अंदाजाने भरून गुळगुळीत केले जाते. अंधाऱ्या जागेत वेगाने हलणाऱ्या वस्तूमागे पुसटसा माग राहतो, तो बऱ्याचदा या अंदाजामुळेच.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते उसळत्या प्रकाशात, चकचकीत प्रतिबिंबांत नव्हे. ओल्या रस्त्यावरची झळाळी जाहिरातीत उठून दिसते, पण खेळाच्या धावपळीत तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. याउलट खिडकीतून आलेल्या उन्हाने खोलीचा कोपरा हळूहळू उजळला, तर जागा खरी वाटते, भले खेळाडूला त्याचे कारण सांगता येवो वा न येवो. मध्यम कार्ड असेल, तर सेटिंगमध्ये ‘ग्लोबल इल्युमिनेशन’ म्हणजेच हा उसळता प्रकाश आधी चालू करावा आणि प्रतिबिंबे सर्वांत शेवटी. व्हॅलोरंटसारख्या चुरशीच्या खेळात मात्र चित्रांचा वेगच महत्त्वाचा असतो; तिथे या तंत्रावर खर्च करण्यात अर्थ नाही.

निवड कायम आपल्या हाती राहील असेही नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम: द डार्क एजेस’ (२०२५) हे गेम रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत. प्रकाश आधी मोजून बसवण्याचे वेळखाऊ काम वाचत असल्याने गेम बनवणाऱ्यांनाही हा मार्ग सोयीचा वाटतो.

खानदेशात आणखी एक हिशेब करावा लागतो, तो उन्हाळ्याचा. कार्डाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घातली, तर साध्या प्रकाशात कार्डाला उसंत मिळते. रे ट्रेसिंग चालू करताच तेच कार्ड पूर्ण क्षमतेने राबू लागते. संपूर्ण संगणक ४०० वॅट घेत असेल आणि रोज चार तास चालत असेल, तर महिन्याला ४८ युनिट होतात. भुसावळात पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना एवढी उष्णता बंद खोलीत साठू देणे कार्डालाही मानवत नाही. त्या दिवसांत मर्यादा चाळीस चित्रांवर आणून उसळता प्रकाश तेवढा ठेवावा, किंवा असे गेम रात्री खेळावेत.